कथलाच्या खाणीचं चित्र

बेल वाजली तेव्हा सुचेता देवघरातली निरांजनं घासत होती आणि तिची बोटं काजळीनं काळी झाली होती. कोपरानं कडी ढकलून तिनं दार उघडलं, तर कुरिअरवाला एक भलं मोठं चपटं खोकं भिंतीला टेकवून आपल्या व्हॅनकडे निघालाही होता. सही नाही, की 'गुड आफ्टरनून' नाही. लंडनजवळच्या हॅरोत ती नवीन आली तेव्हा पोस्टमनसुद्धा हवेबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय जात नसे. आता वस्तू येतात, माणसं येत नाहीत, असं ती मनाशी म्हणाली आणि खोकं ओढत आत घेऊन आली. ते अनुयानं पाठवलेलं होतं. अनुया साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, सुचेता आणि जयंतची एकुलती एक मुलगी. निदान लोकांना सांगायचं ते असं. काल तिचा फोन आला होता. "आई, पार्सल आला की लगेच ओपन कर हं. मंडेला हॉलवे पेंट होणार ना, मग तो बाबाचा जुना पिक्चर फेकून दे, इट्स सो फेडेड. मी सेम पिक्चर शोधलाय ऑनलाइन, कॅनव्हासवर, मोठ्ठा. बाबाला नको सांगू, सरप्राइज आहे." बाबा, म्हणजे डॉक्टर जयंत, रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी एजवेअरला पद्माकरकडे ब्रिज खेळायला जातो आणि चहाच्या वेळेला परत येतो. म्हणजे सरप्राइजला अजून पुष्कळ अवधी होता. सुचेतानं भाजीच्या सुरीनं चिकटपट्टी कापली, थर्माकोलचे कोपरे काढले, आणि कॅनव्हास जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवला.

तेच चित्र होतं. समोरच्या भिंतीवर आज कितीतरी वर्षं लटकलेलं, तेच. समुद्रात घुसलेला काळा कडा, कड्याच्या अगदी कडेला दगडी इमारत, तिच्या अंगाला लागून उंच, वर निमुळतं होत गेलेलं धुराडं, थोडं खाली दुसरी तशीच इमारत, आणि मग नुसतं पाणी. कॉर्नवॉलमधली कथलाची खाण. कुणा चित्रकारानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेली; इंजिनं पाणी उपसत होती, माणसं समुद्राच्या तळाखाली जाऊन दगड फोडत होती, त्या काळातली. आता म्हणे लोक अशी चित्रं सोफ्याच्या रंगाला जुळतील अशी मागवतात. कॅनव्हासच्या मागच्या लेबलवर 'कोस्टल वॉल डेकोर' असं छापलेलं होतं, आणि समुद्राचा निळा रंग चांगलाच चढवलेला होता, दुकानातल्या मिठाईला चढवतात तसा. सुचेताला हसू आलं. पोरीनं हौसेनं पाठवलंय, लावू या, असं म्हणून ती दोन पावलं मागे सरली, आणि तिथेच थांबली. कारण हे चित्र घरातलं चित्र जिथं संपत होतं तिथं संपत नव्हतं. ते खाली आणखी होतं. दुसऱ्या इमारतीच्या खालून एक पायवाट उतरत होती, तिच्यावर पांढऱ्या झालरीच्या टोप्या घातलेल्या बायका हातोडे घेऊन चालल्या होत्या, एक गाढव होतं, आणि अगदी तळाला, डावीपासून उजवीपर्यंत, एक बुटकी दगडी भिंत होती. भिंतीच्या आत एक छोटं चॅपल, आणि गवतात वाकडेतिकडे उभे दगड. थडग्यांचे.

सुचेता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. ही भिंत तिच्या ओळखीची होती. ती तिच्यावर बसलेली होती. जयंतला पहिली नोकरी लागली ती ट्रेवेनिकला, कॉर्नवॉलच्या पार टोकाच्या एका गावात, आणि मिसेस ट्रेगेअर नावाच्या विधवा बाईंच्या घरी वरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. रविवारी जयंतला सुट्टी असली की ते दोघं कड्यावर फिरायला जात. तेव्हाही खाण कधीचीच बंद पडली होती. इमारतींना छप्परं नव्हती, धुराड्यांत कावळ्यांची घरटी होती. सुचेताला सातवा महिना लागलेला, चढ चढवत नसे, म्हणून ती त्या भिंतीवर बसायची आणि मिसेस ट्रेगेअरनी दिलेला केशराचा बन खायची. इंग्रजांच्या देशात केशर! पहिल्यांदा वास आला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. समोर पाणी, पाठीशी दगड. "इथं काय निघायचं हो?" तिनं विचारलं होतं, आणि जयंत म्हणाला होता, "टिन. म्हणजे कथील गं. कल्हईचं." मग कितीतरी वेळ ती विचार करत बसली होती, की सासरच्या, सासवडच्या परातींना आणि पातेल्यांना जी चकाकी असते ती इथून, या पाण्याच्या खालून आली असेल की काय. मिसेस ट्रेगेअरचे सासरे त्या खाणीत होते. त्या सांगत, की वादळ झालं की आत काम करणाऱ्यांना डोक्यावर समुद्राच्या तळाचे दगड गडगडताना ऐकू यायचे. छत पातळ होतं, वर अख्खा समुद्र. माणसं थोडा वेळ हातोडे थांबवत, ऐकत, आणि परत कामाला लागत. करणार काय? सुचेता तेव्हा पोटावर हात ठेवून म्हणाली होती, बाई गं, मी तर एक दिवससुद्धा काढू शकले नसते. माणूस काय काय काढू शकतं हे त्या वयात ठाऊक नसतं.

बाळ गेलं. म्हणजे आलं तेच गेलेलं. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात तिला भूल दिली होती. शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारचा पाळणा काढून नेलेला होता आणि जमिनीवर त्याच्या चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. सिस्टर चांगली होती, हात हातात घेऊन म्हणाली, की हे विसरून जायचं, पुढच्या वर्षी दुसरं होईल. तेव्हा अशीच पद्धत होती तिकडे. आईला दाखवत नसत. दाखवलं नाही तर दुःख कमी होतं अशी सगळ्यांची समजूत होती, आणि ती समजूत करून घेणाऱ्यांनी एकाही बाईला विचारलेलं नव्हतं. मुलगा होता की मुलगी, हेही कुणी बोललं नाही. आणि सुचेतानं विचारलं नाही. आधी धीर झाला नाही. मग दूध आलं, आणि मिसेस ट्रेगेअरनी छातीला जुन्या चादरीच्या पट्ट्या घट्ट बांधल्या, तेव्हा त्या दुखण्यात बाकी काही सुचत नव्हतं. मग हॅरोला बदली, मग अनुयाची चाहूल, मग अनुया. विचारायचं राहून गेलं. दूध आणायचं राहतं, कपडे वाळत घालायचे राहतात, तसंच हे राहिलं. फक्त ते तेहतीस वर्षं राहिलं. आणि इतकी वर्षं राहिलेली गोष्ट अचानक विचारणं म्हणजे समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं, असं तिला वाटत आलं. तरी ती गोष्ट कुठे गेली नव्हती. लायब्ररीच्या काउंटरवर पुस्तकांवर शिक्के मारताना, अनुयाच्या शाळेच्या दारात थांबलेली असताना, मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत खिडकीशी बसलेली असताना मध्येच वरून काहीतरी गडगडत जाई. ती थांबे, ऐके, आणि परत कामाला लागे. तिला फार काही नको होतं. ते कुठे आहे आणि कोण होतं, एवढंच. मेल्यावर आपल्याबरोबर हा प्रश्नही जाळतील, असं मात्र अलीकडे तिला वाटू लागलं होतं, आणि ते तिला मुळीच नको होतं.

तिनं दोन्ही चित्रांकडे आळीपाळीनं पाहिलं. जुन्या चित्राच्या चारही बाजूंना क्रीम रंगाचा जाड कागद होता. फ्रेमवाले त्याला माउंट म्हणतात. वर तो बोटभर होता, बाजूंना बोटभर होता, आणि खाली मात्र चांगला वीतभर. रोज धूळ पुसताना हे वाकडं माप तिला दिसत आलं होतं आणि त्याचं कारणही तिला माहीत होतं, कारण ते जयंतनं सांगितलं होतं. चित्र मिसेस ट्रेगेअरनी निघताना त्याच्या हातात दिलं होतं, गुंडाळी करून, दोऱ्यानं बांधून. सुचेता तेव्हा टॅक्सीत जाऊन बसलेली होती. ते उलगडलेलं तिनं कधी पाहिलंच नाही. हॅरोला आल्यावर जयंत ते कुठल्याशा दुकानातून फ्रेम करूनच घेऊन आला. "खाली एवढा कागद कशाला हो सोडलाय?" तिनं विचारलं होतं. "फ्रेम तयार मिळाली, मापात बसवायला," तो म्हणाला होता. जयंतच्या हातून मापात चूक झालेली तिनं त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. शर्टाच्या घडीतसुद्धा नाही. तरी त्या वेळी तिनं ते खरं मानलं. माणूस आपल्या माणसाचं किती सहज खरं मानतं! आणि आता जिन्याच्या पायरीवर तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी ती विसरलेली नव्हती, नुसती कुठे ठेवायची ते न कळून बाजूला ठेवलेली होती. हॉस्पिटलात जयंत तिला भेटायला आला तेव्हा त्याच्या बुटांच्या शिवणीत लाल चिखल होता. त्यानं बूट पुसलेले होते, तो न पुसता कधी बाहेर पडतच नसे, पण शिवणीत लाल राहिलं होतं. गावात असा चिखल नव्हता. तो फक्त कड्यावर, खाणीच्या आसपास असायचा, जिथं आतलं गंजकं पाणी झिरपून माती लाल होई. बायको अशी पडलेली असताना हा फिरायला गेला होता! तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं, आणि तिला त्याचा राग आला होता.

रागाचं म्हणाल तर तो तिनं दोघांवर धरला होता. दुसरा मिसेस ट्रेगेअरवर. सुचेताच्या आईनं पुण्याहून बाळासाठी कुंची पाठवली होती, स्वतःच्या लग्नातल्या पैठणीची, मोरपंखी, मागे गोंडे लावलेली. खोलीतल्या कपाटाच्या खणात ती लवंगा घालून ठेवली होती. हॉस्पिटलातून परत आल्यावर सुचेतानं खण उघडला तर कुंची नाही, नुसत्या लवंगा. बाईंनी आपल्याला त्रास नको म्हणून चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत देऊन टाकली, हे उघडच होतं. विचारण्यासारखं काय होतं त्यात? बाई ताटलीत केशराचे बन ठेवून जात, सुचेता ते खाई, थँक्यू म्हणे, आणि मनात म्हणे, माझ्या आईची पैठणी घेतलीत तुम्ही. पुढे बाई वारल्याचं कळलं तेव्हा जयंत दिवसभर गप्प होता आणि सुचेतानं दुकानातलं एक छापील कार्ड तेवढं पाठवून दिलं. आता ते कार्ड तिला आठवलं आणि उगाच तोंड कडू झालं. का, ते अजून तिला कळलेलं नव्हतं.

या चित्राला घरात कुणी जीव लावला असेल तर तो सासूबाईंनी. अनुयाच्या वेळी त्या सासवडहून आल्या, थंडीनं काकडत, दोन स्वेटरांवर शाल घेऊन, आणि हॉलवेत पाऊल टाकल्याबरोबर चित्रापुढे उभ्या राहून त्यांनी हात जोडले. "हे कुठलं गं देऊळ? दीपमाळ किती उंच आहे!" सुचेतानं पाहिलं, तर खरंच. दगडी गाभारा, शेजारी निमुळती दीपमाळ, खाली समुद्र. इतके दिवस आपल्याला कसं दिसलं नाही? "आई, ती..." असं म्हणून तिनं जयंतकडे पाहिलं. जयंत म्हणजे देवाचं नाव काढलं की पेपर उघडणारा माणूस. आता हा आईला वाफेच्या इंजिनावर व्याख्यान देणार, अशी तिची खात्री होती. तर तो म्हणाला, "तिकडचंच आहे, आई. आम्ही आधी होतो ना, त्या गावचं." झालं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई अंघोळ करून येत आणि काचेवर धुराड्याच्या पायथ्याशी कुंकवाचं बोट टेकवीत. त्या नवससुद्धा बोलल्या, की या खेपेला सगळं सुखरूप होऊ दे, नारळ ठेवीन. आणि अनुया झाल्यावर वेम्ब्लीहून नारळ आणायला लावून तो चित्राखाली, बुटांच्या स्टँडवर ठेवला. कथलाच्या खाणीला नवस बोललेली बाई साऱ्या जगात त्यांच्याशिवाय दुसरी झाली नसेल. त्या परत सासवडला गेल्यावर सुचेतानं काच स्वच्छ पुसली, पण फ्रेमच्या खोबणीत थोडं कुंकू जे अडकलं ते अडकलंच. जयंतनं ते कधी काढू दिलं नाही. "राहू दे गं," म्हणायचा.

आणि तो स्वतः? तो रोज सर्जरीत, म्हणजे आपल्या दवाखान्यात, जायला निघाला की त्या चित्रापुढे टायची गाठ नीट करत उभा राही. हॉलवेत आरसा होता, चांगला बेल्जियमचा, दाराच्या दुसऱ्या बाजूला. पण याला काचेतच दिसायचं म्हणे. रिटायर झाल्यावर टाय गेला. तरी पेपर आणायला निघाला की तो तिथं थांबतो, बोटं गळ्याशी जातात, शर्टाचं वरचं बटण चाचपतात, आणि मग तो दार उघडतो. सुचेताला ते दिसे, आणि वाटे, इतक्या वर्षांची सवय, म्हातारपणी अंगात राहतेच. आता तिला ते तसं वाटेना. ती उठली आणि त्याच्या जागी जाऊन उभी राहिली, जुन्या चित्रापुढे, अगदी तो उभा राहतो तिथं. काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, धुराडं दिसलं, आणि नजर आपोआप जिथं उतरली तिथं फक्त क्रीम रंगाचा कागद होता. हा रोज इथं काय बघतो ते आपल्याला कळलं आहे, असं तिच्या मनात आलं, आणि तिला एकदम इतकं रडू आलं की तिनं पदराऐवजी काजळीचाच हात तोंडावर धरला. मग ती परत पायरीवर येऊन बसली. घरात हीटिंगचे पाइप वाजत होते. बाहेर शाळा सुटली, पोरं ओरडत गेली, समोरच्या घरापुढे कुणीतरी गाडी मागे घेताना कचऱ्याचा डबा पाडला. सगळं रोजच्यासारखं होतं आणि तिला आश्चर्य वाटलं की आपण शांत आहोत. विचारायचं, एवढं तिनं ठरवलं. कॅनव्हास परत खोक्यात घालून ठेवला, सोमवारी रंगारी आला, भिंत रंगली, की आणखी तेहतीस वर्षं कुणाकडे आहेत?

किल्ली फिरली. जयंत आत आला, पद्माकरच्या बायकोनं दिलेला लाडवांचा डबा हातात, "आज चारही डाव आम्ही हरलो," असं सांगतच. मग त्याला कॅनव्हास दिसला. डबा बुटांच्या स्टँडवर ठेवून त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, एक, मग दुसरी, नेहमीपेक्षा फार सावकाश, आणि बूट जोडीनं लावून ठेवले.

"अनुयानं पाठवलंय," सुचेता म्हणाली. "अख्खं आहे."

"हं."

"अहो, मी त्या भिंतीवर बसायचे."

"माहीत आहे मला." तो अजून वाकलेलाच होता. "तुझ्या तोंडाला काळं लागलंय."

"लागू दे. तुम्ही ते तिथं ठेवलंत?"

जयंत तिच्या शेजारी पायरीवर बसला. दोघांना पुरेल एवढी ती पायरी रुंद नव्हती. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. डॉक्टर होता तो, कितीतरी लोकांना कितीतरी वाईट गोष्टी त्यानं नीट शब्दांत सांगितल्या होत्या, पण आता त्याला सुरुवात सापडेना. "हॉस्पिटलवाले म्हणाले, आम्ही बघतो," तो म्हणाला. "म्हणजे ते कुणा दुसऱ्याच्या शवपेटीत बरोबर ठेवून देत असत तेव्हा. मी म्हटलं नको, मी बघतो. जाळायचं माझ्या मनात येईना. आपल्याकडे एवढ्या लहानाला अग्नी देत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत, माझा एक भाऊ असाच... आईनं सांगितलेलं. मिसेस ट्रेगेअरनी पाद्र्याला विचारलं. त्यांच्याच लोकांची जागा होती ती, खाणवाल्यांची. तो म्हणाला, या. मग मी आणि त्या, आम्ही दोघंच गेलो. वारा फार होता."

"मुलगा होता?" तिनं विचारलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच नीट आला.

"मुलगी."

वर काहीतरी गडगडत आलं आणि या वेळी ते पुढे गेलं नाही. सुचेतानं डोळे मिटून घेतले. "केस होते?"

"पुष्कळ. काळेभोर. कपाळ तुझं." त्यानं बोट स्वतःच्या कपाळाशी नेलं. "कुंचीतून बाहेर येत होते. मिसेस ट्रेगेअरनी आत सारले."

"कुंची?"

"तुझ्या आईनं पाठवलेली. त्याच म्हणाल्या, हिच्यासाठी आलेली आहे, तर हिलाच घालू या. मला बांधता येईना, गोंडे कुठून घ्यायचे ते कळेना. त्यांनी बांधली."

त्या बाईचे हात तिच्या डोळ्यांपुढे आले, जाडसर, पिठाचे, नखांत केशराचा पिवळा रंग असलेले. त्या हातांनी तिच्या लेकीला कुंची बांधली होती, आणि त्याच हातांनी तिच्या छातीच्या पट्ट्या बांधल्या होत्या, आणि ती त्यांना आयुष्यभर चोर म्हणत आली होती. मग राग आला, उशिरा पण धडधडीत आला. "तेहतीस वर्षं तुम्ही तिला रोज भेटत होतात," ती म्हणाली. "रोज. आणि मी नुसती काच पुसत होते. मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ते मागं टाकायचं आहे. तुला ती थडगी रोज दिसू नयेत म्हणून झाकलं. आणि चित्र लावल्याशिवाय मला राहवेना."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"मी?" असं म्हणून जयंतनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या शहाण्या, मोजक्या बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर इतका निरागस गोंधळ होता की तिचा राग टिकेना. एका घरात, एका बिछान्यात, एकमेकांना जपता जपता दोघांनी केवढा हा घोटाळा करून ठेवला होता. फोन वाजला. अनुयाच असणार, तिची ड्यूटी याच वेळेला संपते. दोघांनीही तो वाजू दिला. "तिला सांगायला हवं," सुचेता म्हणाली, "की ती थोरली नाही." जयंतनं मान हलवली, आणि मग फोन थांबल्यावर हळूच म्हणाला, "आज नको. उद्या तू सांग. मी शेजारी बसतो."

मग त्यांनी जुनं चित्र भिंतीवरून उतरवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं ठेवलं. मागचा तपकिरी कागद भाजीच्या सुरीनं कापला. खिळे इतके गंजले होते की एकेक उपटताना जयंतला चष्मा दोनदा पुसावा लागला. तो गंजामुळेच पुसावा लागला असं दोघांनीही धरून चाललं. पाठीचा पुठ्ठा निघाला, चित्र निघालं, आणि माउंट तिनं स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवला. वरचा सगळा भाग इतक्या वर्षांच्या उजेडानं विटून चहाच्या रंगाचा झाला होता. आभाळ, कडा, सासूबाईंची दीपमाळ, सगळं एकाच रंगाचं. पण माउंटनं झाकलेल्या त्या वीतभर पट्टीला ऊन लागलेलंच नव्हतं. तिथं गवत हिरवंगार होतं. बायकांच्या टोप्या पांढऱ्याशुभ्र होत्या, चॅपलचं दार निळं होतं, भिंतीच्या दगडांवर पिवळं शेवाळ होतं. अनुयाच्या कॅनव्हासवर चढवलेल्या रंगांपेक्षा हा रंग कितीतरी साधा आणि खरा होता. जयंतनं माउंटशिवाय चित्र परत फ्रेममध्ये बसवलं, काच लावली. फ्रेम आता थोडी मोठी होत होती, चित्र आत किंचित हलत होतं. "उद्या नीट करून आणतो," तो म्हणाला. "चालेल असंच," ती म्हणाली. सोमवारी रंगाऱ्यानं त्याच्या भोवतीनं रंगवावं, खिळा तोच राहील, हेही तिनं सांगून टाकलं. कॅनव्हास वरच्या खोलीत, अनुयाच्या जुन्या पलंगाशी लावायचं ठरलं. पोरीनं हौसेनं पाठवलेलं, ते थोडंच फेकायचं असतं.

चित्र परत भिंतीवर गेलं तेव्हा दिवेलागण झाली होती. सुचेता देवघरात गेली, घासायची राहिलेली निरांजनं तशीच पडली होती. त्यातल्या एकाच्या कडेला तिनं करंगळी फिरवली, काजळी घेतली, तुपाचं बोट लावून ती मऊ केली, आणि बाहेर आली. नवजात पोरीला बाहेर काढताना दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात. अनुयाला सासूबाईंनी लावली होती, गालावर, चांगली ठसठशीत. तिनं काचेवर बोट नेलं, गवतातल्या एका दगडाशी.

"तिथं नाही," मागून जयंत म्हणाला.

ती थांबली.

"जरा डावीकडे. भिंतीच्या आतल्या अंगाला. एक वाकडा दगड आहे बघ, त्याच्या अलीकडे... अजून थोडं. खाली. हं. तिथं."

सुचेतानं बोट टेकवलं.